कोकरे बाईंची गुरुवारची लेझीम

कोकरे बाईंचे यजमान गेले तेव्हा रिवाजाप्रमाणे बाईंच्या गळ्यातली पोत उतरली. शिट्टी मात्र राहिली. काळ्या दोरीत ओवलेली ती स्टीलची शिट्टी उतरवा, असं सांगायची भावकीत कुणाची छाती झाली नाही. इंदापूरच्या एका शाळेत बाईंनी जन्मभर पी.टी. शिकवली होती. निवृत्त झाल्यावरही त्या बोलायच्या ते शेवटच्या रांगेतल्या मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात. पदर कमरेला खोचलेला आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नकार्यालाही त्या हेच बूट घालून जात, फक्त त्या दिवशी बुटांना खडू लावलेला असे.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती खिडकीतून. बारामतीत भिगवण रस्त्याला मनाच्या आजारांसाठी एक धर्मादाय दवाखाना आहे. जुन्या गोडाऊनची जागा, पुढे मोठं पटांगण, पटांगणात एक लिंबाचं झाड. तिथे मी औषधं देतो. सकाळी काटेवाडीहून गाडीवर यायचं आणि खिडकीत बसायचं, एवढीच माझी नोकरी. खिडकी इतकी बुटकी आहे की पलीकडच्या माणसाचे फक्त हात दिसतात. त्यामुळे मी माणसं हातांवरून ओळखतो. काही हात घट्ट मिटलेले येतात, काही नखं खाल्लेले, आणि बरेचसे कापणारे. या कापण्याचं कारण बहुतेक वेळा मीच दिलेल्या गोळ्यांत असतं. काही औषधांनी डोकं शांत होतं पण हात थरथरतात. डॉक्टर मात्रा कमीजास्त करून बघतात, कधी जमतं, कधी वेळ लागतो.

बाईंचा हात पहिल्यांदा आला तो मूठ होऊन, आणि ती मूठ खिडकीच्या फळीवर आपटली.

“ओ गोळीवाले, डॉक्टर कवा येनार?”

“येतायत. यवतच्या पुढं आलेत म्हणे.”

“तवर ही माणसं काय करनार?”

“बसतील की.”

“बसून बसूनच आजारी पडल्यात ही.”

डॉक्टर दर गुरुवारी पुण्याहून यायचे आणि दर गुरुवारी त्यांना उशीर व्हायचा. तोवर पेशंट आणि नातेवाईक बाकांवर भिंतीकडे बघत बसलेले असायचे. बाई आपल्या दिराला, दत्तूला, घेऊन आल्या होत्या. दत्तू पन्नाशीचा, तरुणपणापासून आजारी, बोलणं जवळजवळ बंद. सासू गेल्यावर तो बाईंच्याच पदरात आला होता. त्यांना उत्तर देऊन मी गोळ्यांच्या पाकिटांकडे वळलो, तेवढ्यात शिट्टी वाजली. मान वाकवून खिडकीतून बघतो तर बाकांवरची निम्मी माणसं उभी! जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला माणूस कितीही आजारी असला तरी शिट्टी वाजली की उठतो, हे मला त्या दिवशी कळलं.

बाईंनी उरलेल्यांनाही नजरेनेच उठवलं. पटांगणात नेऊन रांग केली. रांगेत पेशंट कोण आणि सोबत आलेलं कोण, हे त्यांनी विचारलं नाही. टाळ्या वाजवायला लावल्या, मग टाळीबरोबर पाऊल. डॉक्टर गाडीतून उतरले तेव्हा सगळा बाह्यरुग्ण विभाग कमरेवर हात ठेवून डाव्या पायावर उभा होता. डॉक्टर दारातच थांबले आणि हसायचं की रागवायचं हे त्यांना पटकन ठरवता येईना. शेवटी त्यांनी एकच विचारलं, “पुढच्या गुरुवारी येताय ना?”

पुढच्या गुरुवारी बाई आल्या त्या पोतं घेऊन. शाळेच्या अडगळीत पडलेल्या जुन्या लेझमा मुख्याध्यापकांकडून मागून घेतल्या होत्या. लाकडाचा दांडा, त्याला लोखंडी साखळी, साखळीत पत्र्याच्या चकत्या, निम्म्या गंजलेल्या. इंदापूरच्या एसटीत कंडक्टरने पोत्यात काय आहे विचारल्यावर बाईंनी उत्तर न देता पोतं हलवलं म्हणे. अख्खी गाडी मागे वळून बघायला लागली. मग दोन गुरुवार सगळ्यांनी झाडाखाली बसून चकत्यांचा गंज काढला, घासलेट आणि चिंध्या घेऊन. बाई म्हणाल्या, ज्यानं घासली त्याची ती लेझीम.

अशी ती सुरुवात. यात कुणाचाही काही मोठा विचार नव्हता. बाईंना रिकामं बसलेलं माणूस बघवत नसे, एवढीच त्यामागची प्रेरणा, असं माझं आजही मत आहे.

त्यांचे नियम होते. ‘पेशंट’ हा शब्द पटांगणात चालायचा नाही. तिथे सगळे ‘खेळाडू’. आजाराचं नाव त्या विचारत नसत. एकदा एका आईने आपल्या मुलाच्या आजाराची सगळी कहाणी सांगायला घेतली, तर बाई म्हणाल्या, “ते डॉक्टरांना सांगा. मी पाय बघते.” उशिरा येणाऱ्याला लिंबाभोवती एक फेरी. डॉक्टरही त्यातून सुटले नाहीत. बॅग हातात घेऊन त्यांनी मारलेली फेरी बघून, जो महिनोन्महिने हसला नव्हता असा एक खेळाडू हसला, आणि डॉक्टरांनी ते त्याच्या कागदावर लिहून ठेवलं. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते असं मी एकदा सहज बोललो होतो. तेव्हापासून बाईंच्या पिशवीत आवळासुपारीचा डबा आला. सरावाआधी त्या प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर ठेवत, शाळेत प्रसाद वाटावा तशी.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. रांगेत कुणी चुकलं आणि गोंधळून उभं राहिलं की बाईंचा आवाज यायचा, “चुकलं तर चुकलं, थांबायचं न्हाय!” दिवसातून इतक्या वेळा हे वाक्य कानावर पडायचं की गोळ्यांची पाकिटं भरताना मीही ते पुटपुटायला लागलो.

हलगी वाजवायला भिगवणचा बबन होता. आजारी पडायच्या आधी तो लग्नाच्या वरातीत वाजवायचा. त्याच्या कानात माणसं बोलत. बाईंनी त्याला हलगी हातात घ्यायला लावली तेव्हा डॉक्टरांनी कुतूहलाने विचारलं, वाजवताना आवाज थांबतात का?

“न्हाय वो,” बबन म्हणाला. “बोलत्यात की. पन तालात बोलत्यात.”

डॉक्टरांनी ते त्याला पुन्हा एकदा सांगायला लावलं. बाईंना मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. “तालात बोलत्यात ना? मग बोलू द्या,” त्या म्हणाल्या आणि शिट्टी तोंडात धरली.

बाईंना सगळ्यात जास्त वैताग आणला तो दत्तूने. दत्तूचा हात नेहमी एक ठोका मागे पडायचा. सगळ्यांच्या लेझमा मिटल्या की मग याची मिटायची. बाई इतर कुणावर ओरडणार नाहीत एवढ्या त्याच्यावर ओरडत. घरचं माणूस ना! “दत्तू, झोपला का काय?” दत्तू खाली मान घालून पुढच्या ठोक्यालाही मागेच. हे कित्येक महिने चाललं. मग एका गुरुवारी बाई काही न बोलता बबनजवळ गेल्या, त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि ताल खाली आणला. आणखी खाली. दत्तूची लेझीम मिटेल तेव्हा थाप पडेल, इतका खाली. त्या दिवसापासून आमची लेझीम संथ झाली. शाळेत, गणपतीत दिसते तशी उड्या मारणारी नाही. एक पाऊल पडायचं, थांबायचं, मग सगळ्या चकत्या एकदम वाजायच्या. बघणाऱ्याला ती जड वाटे, आणि काही जणांना का कोण जाणे, भीती वाटे. मला ती आवडे. मला गाण्यातलं काही कळत नाही, तरी खिडकीत बसून मी तिची वाट बघायचो.

शेवटची सलामीही बाईंनी बदलली होती. रिवाज असा की शेवटच्या शिट्टीला लेझीम डोक्यावर ताणून धरायची आणि सगळ्यांनी एकदम निश्चल व्हायचं. आमच्यातल्या अनेकांचे हात कापत, त्यामुळे वर धरलेल्या लेझमा वाजत राहायच्या. बाईंनी त्या खाली, मांडीला टेकवून धरायला शिकवलं. मांडीला टेकली की चकत्या गप्प बसतात. का बदललं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आता लताबद्दल सांगायला हवं, कारण बाई म्हटलं की मला पळसदेवचा तो उन्हाळा आठवतो.

लता पळसदेवची सून. घरी ऊस, उजनीच्या पाण्यावरची बागायत, धाकट्या दिराची मासेमारीची होडी. बाळंतपणानंतर तिचं डोकं बिघडलं. झोप गेली, भिंतीशी बोलायला लागली, एकदा तान्ह्या मुलीला पाळण्यात टाकून पाण्याकडे चालत गेली. घरच्यांनी आधी देवऋषी केला, मग आमच्याकडे आणलं. औषधाने ती सावरली. चांगली सावरली. पण घराच्या मनातलं ते पाण्याकडे जाणं काही गेलं नाही. तिची मुलगी तनू आता शाळेत जायला लागली होती, तरी ती आजीजवळ झोपायची, आजीच्या हातचं जेवायची, आजीच तिची वेणी घालायची. सासूचं, सुंदराबाईंचं, म्हणणं एकच. हिचे हात कापतात, पोरीला काही लागलं-सवरलं तर?

लता रांगेत सगळ्यात नीट खेळायची. एकदा आवळासुपारी घेताना बाईंना म्हणाली, “बाई, मला बाकी काय नको. एकदा तनूच्या केसाला हात लावू दिला पायजे.” बाईंनी तिच्या तळहातावर आणखी एक चिमूट ठेवली. एवढंच.

त्या उन्हाळ्यात पळसदेवजवळच्या वस्तीवर देवीची जत्रा होती. यात्रा कमिटीला लेझमीचा संघ हवा होता. लताच्या नवऱ्याने, पोपटने, “बारामतीला एक संघ हाय” म्हणून सांगितलं. कसला संघ, हे सांगितलं नाही. बाईंनाही ते तसंच हवं होतं. “आधी लेझीम बघू द्यात. माणसं कोन हायत ते मागनं सांगू,” त्या म्हणाल्या. लताची अपेक्षा सरळ होती. सासू गर्दीत असणार, चारचौघांत आपण नीट खेळलेलं बघणार, आणि मग सासूचा तनूवरचा हात सैल पडेल.

उजनीचं पाणी उतरलेलं होतं, गाळाचा वास येत होता. देवळापुढे ही गर्दी. बबनची हलगी सुरू झाली आणि आमची ती संथ लेझीम. बायका कुजबुजायच्या थांबल्या. पोरं झाडावरून उतरून पुढे येऊन बसली. असला ताल त्या लोकांनी पाहिला नव्हता. मी बाजूला दवाखान्याच्या जीपजवळ उभा होतो. बाईंचा चेहरा मला दिसत होता. इतक्या वर्षांनी पुढ्यात गर्दी, ती गर्दी गप्प, आणि आपली रांग बिनचूक! शेवटची शिट्टी आली तेव्हा बाईंमधली जुनी पी.टी.ची बाई जागी झाली. त्यांनी शिट्टी मारली आणि दोन्ही हात वर केले.

सगळ्या लेझमा वर गेल्या. हलगी थांबली. हात कापणाऱ्या बाकीच्यांनी सवयीने लेझीम मांडीला टेकवली, उरलेल्यांच्या चकत्या थोड्या खुळखुळून शांत झाल्या. लताची होईना. त्या सगळ्या शांततेत तिची एकटीची लेझीम छनछन, छनछन वाजत राहिली. बाईंनी झटकन हात खाली केले, पण तोवर गर्दीतून एका म्हातारीचा आवाज आला होता, “आली! आईसाहेब आली!”

पुढचं भराभर झालं. हळद आली, कुंकू आलं, कुणीतरी लताचे केस सोडले. बायका पायावर डोकं ठेवायला लागल्या. आणि त्यांत सगळ्यांत पुढे सुंदराबाई. सुनेच्या हातचं पाणी न पिणारी ती बाई सुनेच्या पायावर पडून रडत होती. लता आमच्याकडे बघत होती. घाबरली होती, पण तेवढंच नव्हतं. तिला ते बरंही वाटत होतं, हे मला स्पष्ट दिसलं. मला तिचा राग आला नाही. इतक्या वर्षांत कुणी तिला हात लावला होता?

त्यानंतर लता गुरुवारी आली नाही. पुढच्याही नाही. मग पोपट एकटा आला आणि खिडकीत गोळ्यांची पाकिटं परत ठेवली. “आई म्हनती, रोग न्हवताच. देवीला गोळ्या कशाला? मंगळवारी-शुक्रवारी बायका येत्यात आता दर्शनाला.” तो माझी नजर चुकवत होता. “ती झोपत न्हाय पन,” जाता जाता म्हणाला.

मी हे बाईंना सांगितलं. यातली गंमत फक्त मला कळत होती, आणि ती फारशी हसण्यासारखी नव्हती. ज्या गोळीने हात कापत होते, तीच बंद केल्यावर हळूहळू कापणं थांबणार होतं. पण गोळी बंद म्हणजे जुना आजार परत. मग तिचं जागणं, बोलणं, टक लावून बघणं हीच देवी ठरणार होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“माझी शिट्टी चुकली,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी गाडी काढा तुमची.”

डॉक्टरांनी औषध आमच्यासोबत दिलं आणि बजावलं की वाद घालू नका, तिला घेऊन या. बाई माझ्या मोटारसायकलवर दोन्हीकडे पाय टाकून बसल्या आणि भिगवणवरून आम्ही पळसदेवला गेलो. मला वाटत होतं, बाई जाऊन सुंदराबाईंना झापणार. ओसरीवर पाहतो तर दहा-बारा बायका नारळ घेऊन बसलेल्या, पुढे चौरंगावर लता. केस मोकळे, कपाळभर कुंकू. गाल आत गेलेले. ती सारखी उजव्या खांद्यामागे बघत होती, तिथे कुणी नव्हतं. दाराच्या चौकटीला धरून तनू उभी होती. दर्शनाची व्यवस्था बघता बघता आजीला तिच्याकडे बघायला वेळ राहिला नसावा, पोरीच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. देवीला शिवायचं नाही म्हणून आईच्या जवळ जायचीही तिला बंदी होती.

बाईंनी बूट काढले. मी त्यांचे पाय पहिल्यांदाच बघितले, घोट्यापर्यंत गोरे आणि वर रापलेले. त्या बायकांच्या मागे जाऊन बसल्या. नंबर आल्यावर पुढे सरकल्या, नारळ ठेवला, हात जोडले. मी गडबडलोच.

“देवी, एक इचारू का?”

लताची नजर खांद्यामागून बाईंकडे आली. तिने ओळखलं. “इचारा.”

“देवीला झोप लागती का?”

सुंदराबाई काहीतरी बोलायला पुढे झाल्या, पण कौल चालू असताना मध्ये कसं बोलणार?

“न्हाय,” लता म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, “न्हाय लागत. लई दिस न्हाय लागली. कानात बोलत्यात.”

“मग देवीला काय पायजे?”

“झोप पायजे.”

बाई सुंदराबाईंकडे वळल्या. “ऐकलंत? देवीला झोपेचा निवद पायजे. ओ गोळीवाले, आना.”

मी आयुष्यात औषधं खिडकीतूनच दिली आहेत. त्या दिवशी ती हळदी-कुंकवाच्या ताटात ठेवली. माझे हात कापत होते आणि मी कुठलीही गोळी घेत नाही. लताने पाणी मागितलं आणि सगळ्यांसमोर गोळी घेतली.

“आनि काय पायजे देवीला?”

लता दाराच्या चौकटीकडे बघायला लागली. “तनूची वेनी,” ती म्हणाली.

“कुनी घालायची?”

“म्या.”

सुंदराबाईंना राहवलं नाही. “अवो, हात कापत्यात की तिचं!”

“हात कापत्यात म्हनूनच तर तुमी पाया पडताय,” बाई शांतपणे म्हणाल्या.

सुंदराबाईंनी तनूला पुढे केलं. कुणीतरी फणी दिली. पोर आधी अंग चोरून बसली, मग फणी लागली तशी “आई, हळू” म्हणाली. देवीला नव्हे, आईला म्हणाली. जटा सुटायला वेळ लागला. दर्शनाला आलेल्या बायकांतली एकही उठून गेली नाही. वेणी डावीकडे झुकली, मध्येच एक बट सुटली आणि लताचा हात थांबला. बाई ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या ते मला माहीत होतं. लताने ती बट पुन्हा आत घेतली आणि शेवटपर्यंत गुंफली.

मग बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला, देवी गुरुवारी बारामतीला येणार का. देवी येते म्हणाली.

डॉक्टरांना हे कळल्यावर ते संतापले. त्यांचं म्हणणं असं की या युक्तीने एका बाईची गोळी सुरू झाली, पण ओसरीवरच्या बारा बायकांची देवीवरची श्रद्धा पक्की झाली. त्यातली एखादी उद्या आपल्या लेकीला आमच्याकडे न आणता चौरंगावर बसवेल. बाईंनी मान खाली घालून ऐकलं. “खरं हाय तुमचं,” म्हणाल्या. बचाव केला नाही. कोण बरोबर हे मी सांगू शकत नाही, ते माझ्या खिडकीच्या बाहेरचं आहे. फक्त त्या दिवशी ओसरीवर मला बाईंचा हेवा वाटला होता, तो अजून वाटतो.

डॉक्टरांनी लताचं औषध बदललं. झोप आली, कानातले आवाज ओसरले, आणि हळूहळू हातही स्थिर झाले. मंगळवार-शुक्रवारची गर्दी आपोआप आटली. एका गुरुवारी सुंदराबाई स्वतः सुनेबरोबर आल्या आणि खिडकीत वाकून मला हळूच म्हणाल्या, “भाऊ, ती पयली गोळी बरी व्हती. देवी तरी येत व्हती.” मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. त्या डॉक्टरांकडे गेल्या नाहीत. तनूची वेणी तोवर लताकडे गेली होती आणि सुंदराबाईंचे गुडघे दुखायचे, त्यांनाही ते काम परत नको होतं.

पुढे काही वर्षं गेली. एका गुरुवारी माझ्या खिडकीत एक हात आला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, थांबत नव्हती. असे हात मी रोज बघतो, म्हणून वर न बघताच चिठ्ठी मागितली.

“चिठ्ठी न्हाय. पानी द्या,” आवाज आला तेव्हा कळलं की हा बाईंचा हात.

कंपवात होता. औषध दुसऱ्या डॉक्टरांचं चालू होतं, फारसा गुण नव्हता. आता दत्तू त्यांना इंदापूरहून घेऊन यायचा, एसटीतून उतरताना दंडाला धरून. बाई झाडाखाली खुर्चीवर बसत आणि फक्त शिट्टी वाजवत. लेझीम त्यांनी हातात घ्यायची सोडली होती. त्याचं कारण त्या सांगत नव्हत्या आणि कुणी विचारत नव्हतं. हातरुमालाखाली हात लपवून बसलेल्या कोकरे बाई बघणं मला फार जड गेलं. या बाईंनी कधी काही लपवलं नव्हतं.

थंडीत त्या घरीच, झोपेत गेल्या. त्याच्या आधीचा गुरुवार मला आठवतो.

सराव सुरू होणार होता. दत्तू रांगेतून निघाला, पोत्यातली एक लेझीम घेतली आणि बाईंच्या पुढे जाऊन उभा राहिला. “वैनी, धर,” म्हणाला. त्याचं बोलणं इतकं दुर्मिळ की बाईंनी मुकाट्याने लेझीम धरली, उठल्या आणि त्याच्या शेजारी रांगेत उभ्या राहिल्या. दोन टोकांना दत्तू आणि लता, मध्ये बाकीचे. बबनने ताल धरला, नेहमीपेक्षाही संथ. बाईंचं पाऊल बरोबर पडत होतं. हात पाहिजे तिथे जात नव्हता, पण थांबतही नव्हता.

मी खिडकी सोडून पटांगणाच्या पायरीवर आलो होतो. शेवट आला. बाईंनी सवयीने शिट्टी मारली. सगळ्या लेझमा खाली आल्या, मांडीला टेकल्या आणि गप्प झाल्या. बाईंचीही टेकली होती. पण आता त्यांची मांडीही कापत होती. त्यांची एकटीची लेझीम वाजत राहिली, छनछन, छनछन. बाईंनी ती दोन्ही हातांनी दाबली. तशी ती जास्तच वाजली. त्यांचा चेहरा उतरला.

तेव्हा टोकाला उभ्या असलेल्या लताने आपली लेझीम मांडीवरून उचलली आणि हलवायला सुरुवात केली. मग दत्तूने, नेहमीप्रमाणे एक ठोका उशिरा. मग सगळ्या रांगेने. कुणाची कापतेय आणि कुणाची वाजतेय, काही कळेना.

बाईंनी पुन्हा शिट्टी मारली. कुणी थांबलं नाही.

“थांबा म्हनलं ना!” बाई ओरडल्या.

“चुकलं तर चुकलं, बाई,” लता तिकडून म्हणाली. “थांबायचं न्हाय.”

बाईंची शिट्टी कुणी पाळली नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं. बाईंनी शिट्टी तोंडातून सोडली आणि लेझीम दाबायचं सोडून दिलं.